मदत हवी आहे: मार्कच्या शेवटच्या बारा वचनांविषयी

सर्वांना सप्रेम नमस्कार. इ.स. ३२५ च्या निकिया येथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या परिषदेत बायबलमधील पुस्तके मतदानाने ठरवली गेली, हा गैरसमज मला दूर करता येतो, कारण ती परिषद मुख्यतः येशू पित्याच्या बरोबरीचा देव नाही, या एरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीमुळे भरली होती. ख्रिस्ती लोक तीन देव मानतात, या आक्षेपालाही उत्तर देता येते. खरी अडचण मार्कच्या शुभवर्तमानाच्या (येशूची कथा सांगणाऱ्या बायबलमधील पुस्तकाच्या) सोळाव्या, म्हणजे शेवटच्या अध्यायापाशी येते. सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत नऊ ते वीस ही, पुनरुत्थित येशूच्या दर्शनांविषयीची वचने नाहीत, आणि काही आवृत्त्यांत ती कंसात छापलेली पाहून तरुण विचारतात, "मग उरलेल्या मजकुरावर विश्वास का ठेवावा?" येशूच्या पुनरुत्थानाची साक्ष पौलाच्या १ करिंथ या पत्राच्या १५व्या अध्यायात स्वतंत्रपणे आहे, हे मी आवर्जून सांगतो, परंतु हस्तलिखितांतील फरक जराही न लपवता हे आणखी नीट कसे समजावावे? पाठचिकित्सेचा (हस्तलिखितांची तुलना करून मूळ मजकूर ठरवण्याच्या शास्त्राचा) अभ्यास असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.