कोन्याकची वाइन आंबटच हवी

कोन्याक म्हणजे फ्रान्समधली, वाइनपासून काढलेली ब्रँडी. उत्तम वाइनमधूनच उत्तम कोन्याक होते, असं वाटू शकतं. खरं तर उलट आहे! कोन्याकसाठीची, उन्यी ब्लांक जातीच्या द्राक्षांची वाइन पातळ, आंबट, जेमतेम 9-10 टक्के अल्कोहोलची. नुसती प्यायला मजा नाही. पण टिकवण्यासाठी सल्फर घालायला बंदी असल्याने हा आंबटपणाच तिला टिकवतो. द्राक्षतोडणीनंतरच्या 31 मार्चच्या आत तांब्याच्या भट्टीतून ती दोनदा उकळून, वाफ थंड करून काढतात. साधारण 9 लिटर वाइनमधून 1 लिटर, पाण्यासारखा नितळ अर्क! सोनेरी रंग चढतो तो ओकच्या पिंपात, निदान 2 वर्षं मुरताना. तेव्हा थोडी कोन्याक वाफ होऊन उडूनही जाते. त्याला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. या वाफेवर पोसलेल्या बुरशीने कोन्याक गावातल्या कोठारांच्या भिंती काजळी धरल्यासारख्या काळ्या पडल्यात.