चार प्रदेशांची कॅबर्ने एकत्र चाखताना
प्रश्न: फ्रान्समधल्या बोर्डोचा मेदोक, कॅलिफोर्नियाचं नापा, ऑस्ट्रेलियाचं कूनावारा आणि चिलीचं मायपो इथल्या कॅबर्नेच्या (कॅबर्ने द्राक्षाच्या लाल वाईनच्या) चार बाटल्या लेबल झाकून चाखायच्या आहेत. सहा जण आहोत. जाणवेल तो फरक प्रदेशाचाच, हे कशावरून ठरवायचं? क्रम कसा लावू?

प्रतिसाद १: घोळ बाटल्या निवडतानाच होतो. नुसतं 'बोर्डो' लिहिलेली साधी बाटली बहुतेकदा मर्लोप्रधान (मर्लो म्हणजे कॅबर्नेहून मऊ वाईन देणारं दुसरं द्राक्ष) असते, मग तुलनाच बाद. मेदोकमधल्या पॉइयाक किंवा सँ-जुलियाँ या गावांची घ्या. तिथे सहसा कॅबर्ने जास्त असतं. नापाच्या लेबलवर 'कॅबर्ने' लिहायला ते द्राक्ष ७५ टक्के असलं की पुरतं, ऑस्ट्रेलियात ८५ लागतं. म्हणजे मऊपणा हवामानाचा की मिसळलेल्या मर्लोचा, हे टक्केवारी पाहिल्याशिवाय कळायचं नाही. साल एकच ठेवा, पण दक्षिण गोलार्धातली तोडणी मार्च-एप्रिलच्या सुमारास होते, त्यामुळे त्या दोन बाटल्या सहाएक महिन्यांनी थोरल्या.

प्रतिसाद २: वाईन ज्या ओक लाकडाच्या पिंपात मुरते, त्या ओकच्या वासाचं श्रेय प्रदेशाला देऊ नका. व्हॅनिला, नारळ, भाजका वास ही पिंपाची देणगी. ढोबळी मिरचीचा वास मात्र द्राक्षातल्याच पायराझिन या वासद्रव्याचा. ऊन लागून फळ पिकत गेलं की तो उतरतो. म्हणून थंड सालच्या मेदोकमध्ये तो सापडतो, नापात क्वचित. कूनावारात पुदिना-निलगिरी आली की लोक तिथल्या लाल मातीचं कौतुक करतात, पण निलगिरीचा वास बऱ्याचदा मळ्याशेजारच्या झाडांवरून द्राक्षांच्या सालीवर बसलेला असतो!
नापात अल्कोहोल अनेकदा १४.५ टक्के किंवा वर. वाईन २० अंशांपुढे गेली की घशाशी जळजळतं आणि फळाचा वास-चव मागे पडते. चारही १६ ते १८ अंशांवर ठेवा.

प्रतिसाद ३: एकच क्रम सगळ्यांना नको. टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतलं तुरट द्रव्य) तोंडात साठत जातं, हिरड्या आवळतात आणि चौथी बाटली उगाच तुरट ठरते. प्रत्येकाने वेगळ्या पेल्यापासून सुरुवात करावी. माणशी ५० मिली ओता. सहा जणांत ३०० मिली जाते, उरलेल्या ४५० मध्ये दुसरी फेरी होते. पेले एकाच आकाराचे.
ओतण्याआधी प्रत्येक बाटली हुंगा. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊन फळ मेलेलं वाटलं तर बूच बिघडलंय, ती बाजूला ठेवा. हवा देऊन जाणार नाही. चीज शेवटी, आधी खाल्लं तर तुरटपणा झाकला जातो. मध्ये पाणी आणि साधा पाव.

प्रश्नकर्ता: डिकँट करू का, म्हणजे आधी मोठ्या भांड्यात ओतून हवा देऊ का?

प्रतिसाद ३: चारही करा किंवा एकही नको. वाईन तरुण, म्हणजे अलीकडच्या सालच्या असतील तर तासभर पुरे.