साडीच्या दुकानातील दिवे : वॅटपेक्षा रंगनिष्ठा महत्त्वाची

पैठणीच्या दुकानासाठी ६५०० केल्व्हिनचे (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर), जास्तीत जास्त वॅटचे पांढरे एलईडी पॅनेल सगळीकडे बसवावेत, असा सल्ला दिला गेला आहे. त्याविषयी मला गंभीर शंका आहे. अशा निळसर उजेडात जरीचा सोनेरी रंग फिका आणि थंड दिसतो, तर ३००० ते ४००० केल्व्हिनच्या दरम्यानच्या दिव्यांखाली तिची ऊब टिकून राहते.

दिवा घेताना खोक्यावरील सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा १०० पैकीचा आकडा, किमान ९० असल्याची खात्री करावी. मात्र तेवढ्यावर थांबू नये, कारण हा आकडा आठ सौम्य रंगछटांच्या सरासरीवरून काढला जातो आणि त्यात गडद लाल रंगाचा समावेश नसतो. त्यासाठी गडद लाल रंग किती खरा दिसतो हे दाखवणारे आर९ हे वेगळे मूल्य विक्रेत्याकडून आवर्जून मागून घ्यावे. कुंकवी, डाळिंबी आणि राणी रंगांच्या साड्या विकणाऱ्याने तर ते पाहिलेच पाहिजे, नाहीतर ग्राहक साडी घेऊन दाराबाहेरच्या उन्हात जाणारच.

सगळीकडे सारखाच उजेड पाडला, तर नजर कुठेच ठरत नाही. म्हणून मांडणीतील निवडक साड्यांवर आसपासच्या तिप्पट ते पाचपट प्रकाश पडेल असे अरुंद झोताचे ट्रॅक लाइट (छतावरील पट्टीत बसवलेले, हवे तसे वळवता येणारे दिवे) लावावेत आणि ते उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांत वळवावेत, म्हणजे काचेवरची चमक ग्राहकाच्या डोळ्यांत जात नाही. एलईडीमध्ये अतिनील किरण नगण्य असले, तरी सततच्या प्रखर दृश्य प्रकाशानेही रेशमाचा रंग विटतो. त्यामुळे दर्शनी साड्या नियमितपणे बदलत राहाव्यात.