शार्लटचा होकार अचानक नाही

जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीत नायिका एलिझाबेथची मैत्रीण शार्लट पाद्री कॉलिन्सशी लग्नाला होकार देते. तो कथानकाच्या सोयीसाठी घुसडल्यासारखा वाटतो, असं काही वाचक म्हणतात. मला नाही पटत. कादंबरीचं सहावं प्रकरण पुन्हा चाळा. लग्नातलं सुख हा निव्वळ योगायोग, जोडीदाराचे दोष आधी जितके कमी कळतील तितकं बरं, हे शार्लट तिथे स्पष्ट बोलते. गंमत म्हणजे एलिझाबेथ ते हसण्यावारी नेते आणि वर सांगते, तू स्वतः असं कधीच वागणार नाहीस! म्हणजे अंदाज चुकतो तो एलिझाबेथचा, आणि आपण तिच्याच नजरेने वाचत असल्यामुळे आपलाही. वय सत्तावीस, रूप बेताचं, स्वतःची मिळकत नाही. ही थोरली बहीण जन्मभर आपल्या गळ्यात पडणार म्हणून भाऊ धास्तावलेले. अशा बाईने आणखी काय करायचं होतं?

उलट धाकटी बहीण लिडिया काहीतरी भलतं करून बसेल, हा एलिझाबेथचा होरा अचूक ठरतो. लिडियाला ब्रायटनला पाठवू नका म्हणून एलिझाबेथ वडिलांना, मि. बेनेटना, परोपरीने विनवते. पण त्यांना घरात शांतता हवी असते. मला तर मि. बेनेट हेच पात्र सर्वांत आधी ओळखता येण्यासारखं वाटतं. कष्ट पडणार म्हटलं की हा गृहस्थ लायब्ररीत जाऊन बसणार.