फेअरव्ह्यूचे नवे टेंपल आणि घरातला ताण : सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

मी टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला ॲलन शहरात राहते. माझे यजमान मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) घरात वाढले. आठव्या वर्षी बाप्तिस्मा, एकोणिसाव्या वर्षी दोन वर्षांचे मिशन म्हणजे धर्मप्रचाराची सेवा, सगळे रीतसर झाले. आमच्या लग्नाच्या बऱ्याच आधी त्यांनी चर्च सोडले आणि लेखी अर्ज करून सभासदांच्या नोंदीतून नावही काढून घेतले. सासूसासरे आणि धाकटी नणंद मात्र आजही पूर्ण श्रद्धेने चर्चमध्ये आहेत. या विषयावर कोणी कोणाला छेडायचे नाही, असा आमच्यात न बोलता ठरलेला करार होता. आता शेजारच्या फेअरव्ह्यू गावात स्टेसी रोडवर, सासूबाई दर रविवारी जातात त्या चर्चला लागूनच, नवे टेंपल (रविवारच्या चर्चहून वेगळी, खास विधींसाठीची इमारत) होणार आहे आणि तो करार मोडला आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. या टेंपलची घोषणा ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली, तेव्हा त्याला प्रॉस्पर गावाचे नाव होते, नंतर काही काळ शेजारच्या मॅकिनी शहराचे. त्या भागात इमारतींना ३५ फुटांची मर्यादा असताना चर्चने १७४ फुटांचा मनोरा मागितला. ऑगस्ट २०२४ मध्ये गावाच्या कौन्सिलने तो आराखडा नाकारला. धर्मसंस्थांच्या जमीनवापराला संरक्षण देणाऱ्या २००० सालच्या केंद्रीय कायद्याचा आधार घेऊन चर्च कोर्टात जाणार अशी चिन्हे दिसू लागल्यावर मध्यस्थी झाली, मनोरा १२० फुटांवर आला आणि एप्रिल २०२५ मध्ये ५ विरुद्ध २ मतांनी मंजुरी मिळाली.

यजमानांचे मत सुरुवातीपासून स्पष्ट होते. गावाचा नियम सगळ्यांना सारखा असावा आणि श्रद्धेला मनोऱ्याची विशिष्ट उंची लागत नाही, असे ते म्हणत. पण विरोधकांपैकी काहींचे बोलणे मनोऱ्यावरून घसरून 'हे लोक असेच' या पातळीवर गेले, तेव्हा ते अस्वस्थ झाले, कारण त्या लोकांमध्ये त्यांची आईही येते. चर्च सोडलेल्या त्यांच्या मित्रांचेही यावर एकमत नाही. कोणाला त्या इमारतीच्या रस्त्याने जाणेही नको वाटते, तर कोणाला दिवंगत आजीच्या आठवणीने एकदा तरी आत जावेसे वाटते.

आमचा पेच असा आहे. टेंपलचे समर्पण होण्यापूर्वी काही आठवडे ते सर्वांना पाहण्यासाठी खुले असते, त्यानंतर केवळ परवानापत्र असलेले सभासदच आत जाऊ शकतात. त्या काळात आम्ही तिघांनी यावे, अशी सासूबाईंची फार इच्छा आहे. तो दिवस अजून दूर असला तरी त्या आत्तापासून विचारत आहेत. आमची मुलगी सात वर्षांची आहे आणि चर्चमध्ये बाप्तिस्म्याचे वय आठ, त्यामुळे यजमानांना या आग्रहामागे दुसरा हेतू दिसतो. शिवाय नणंदेचे लग्न ठरले आहे. ते डॅलसच्या टेंपलमध्ये झाले तर सख्खा भाऊ असूनही यांना आवारातल्या बाकावर बसून वाट पाहावी लागेल. अशा घरांमधला अनुभव असलेल्या कोणी मार्ग सुचवला तर उपकार होतील.

प्रतिसाद १

ताई, मी युटामध्ये शिकायला आले तेव्हा स्वतः बाप्तिस्मा घेतला होता आणि काही वर्षांनी चर्च सोडले, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगू शकते.

आधी लग्नाचे, कारण त्यावर मार्ग आहे. पूर्वी अमेरिकेत आधी नागरी लग्न केले तर टेंपलमधल्या 'सीलिंग'साठी (जोडप्याला अनंतकाळासाठी जोडणारा विधी) एक वर्ष थांबावे लागे, त्यामुळे सश्रद्ध जोडपी थेट टेंपलमध्येच लग्न करीत आणि आईवडीलसुद्धा बाहेर राहत. मे २०१९ मध्ये ही अट काढली गेली. आता सकाळी सर्वांसमोर नागरी लग्न आणि त्याच दिवशी सीलिंग असे करता येते. हे नणंदबाईंशी आत्ताच बोला, आणि शक्य असेल तर तुमच्या यजमानांनी स्वतः बोलावे. तक्रार करू नये. 'तुझ्या लग्नात मला उभे राहायचे आहे' एवढेच सांगावे. निर्णय अर्थातच तिचा राहील.

मुलीची काळजी समजते. पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला बाप्तिस्मा दिला जात नाही, आणि टेंपल पाहिल्याने कोणतीही नोंद किंवा बांधिलकी होत नाही. प्रवेश विनामूल्य असतो, बुटांवर पांढरी आवरणे चढवायला देतात, आत फोटो काढू देत नाहीत. मुलीला बहुधा बारा बैलांच्या पुतळ्यांवर तोललेला बाप्तिस्म्याचा हौद लक्षात राहील. तो कशासाठी आहे, हे ती विचारणारच. दिवंगतांच्या वतीने तिथे बाप्तिस्मा घेतात, हे आजीच्या तोंडून ऐकण्याआधी तिने तुमच्याकडून ऐकलेले बरे.

तुमच्या यजमानांनी जावेच असे मात्र मी म्हणणार नाही. आत जाण्याचे परवानापत्र मिळवण्यासाठी आधी बिशपसमोर (स्थानिक चर्चचा प्रमुख) आणि मग स्टेक प्रेसिडेंटसमोर (अशा अनेक चर्चचा प्रमुख) मुलाखत द्यावी लागते. उत्पन्नाचा दशांश, चहा-कॉफी वर्ज्य, खासगी वर्तन, सगळे विचारले जाते. ज्याने ती उत्तरे वर्षानुवर्षे दिली आहेत, त्याला ती जागा नुसती सुंदर इमारत म्हणून पाहता येत नाही. मला सीलिंग होते त्या आरशांच्या खोलीत पुन्हा उभे राहणे अजूनही जमणार नाही.

प्रतिसाद २

मी फेअरव्ह्यूमध्येच राहतो आणि मंजुरीच्या विरोधात होतो, आजही आहे. अंगणातून दिसणारे आकाश आणि रात्रीचा अंधार यांसाठीच आम्ही इथे घर घेतले. तरीही तुमच्या सासूबाईंना या भांडणाचा जाब विचारणे योग्य नाही, कारण मनोऱ्याची उंची त्यांनी ठरवलेली नाही. घरात हा विषय निघाला की आराखडा वेगळा आणि माणसे वेगळी ठेवा, ही विनंती.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. २०१९ चा बदल आम्हाला ठाऊक नव्हता, कारण यजमान त्याच्या फार आधी बाहेर पडले. त्यांनी काल रात्री बहिणीला फोन केला. तिने लगेच होकार दिला नाही, पण होणाऱ्या नवऱ्याशी बोलते म्हणाली. टेंपल पाहायला मी आणि मुलगी सासूबाईंबरोबर जाऊ, हे येत नाहीत, असे आमच्यापुरते ठरले आहे. सासूबाईंना हे कोणी सांगायचे, त्यावर मात्र अजून अडले आहे. माझ्या मते मुलाने सांगावे, त्यांच्या मते सुनेने सांगितले तर त्या कमी दुखावतील. प्रतिसाद १ लिहिणाऱ्या ताईंनी, किंवा अशा घरात सून वा जावई असलेल्या कोणी, यावर मत दिले तर हवे आहे.