मदत हवी आहे: प्रोस्टाग्लँडिन श्वासातून दिल्यावर दमेकऱ्याची श्वासनलिका आवळते की सैलावते?

फार्म_दुसरे_वर्ष
सेमिनारच्या तयारीत अडलोय. प्रोस्टाग्लँडिन म्हणजे शरीरात पेशींजवळच बनणारी, संप्रेरकासारखी संदेश देणारी द्रव्यं; ई२, डी२, एफ२-अल्फा हे त्यांचे प्रकार. एका पुस्तकात ई२ श्वासनलिका सैल करतं असं आहे, दुसऱ्यात तेच ठसका आणतं असं. एफ२-अल्फा आणि डी२ मात्र दोन्हीकडे आकुंचनाच्या खात्यात. खरं काय? आणि ई२ एवढं गुणी असेल तर त्याचा इन्हेलर का नाही? जाणकारांनी कृपया सांगावं.

गुळवेल
दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळ्या रिसेप्टरबद्दल (पेशीवरची ती जागा, जिथे द्रव्य चिकटून परिणाम घडवतं) बोलताहेत. ई२ श्वासनलिकेच्या स्नायूवरच्या ईपी४ रिसेप्टरला चिकटलं की सायक्लिक एएमपी (पेशीच्या आतला संदेशवाहक रेणू) वाढतं आणि स्नायू सैलावतो. तेच ई२ व्हेगस या मज्जातंतूच्या संवेदी टोकांवरच्या ईपी३ ला लागलं की घशात खवखव आणि खोकला. इन्हेलर न होण्याचं मोठं कारण हा खोकलाच. शिवाय फुप्फुसातलं डिहायड्रोजिनेज एंझाइम ई२ झटपट मोडतं, त्यामुळे परिणाम टिकत नाही. काही दमेकऱ्यांत तर आधी थोडं आकुंचन होऊन मग सैलावणं दिसतं. तरीही ते टाकाऊ नव्हे: ॲलर्जन (ॲलर्जी उठवणारा पदार्थ) देण्याआधी ई२ हुंगवलं, तर लगेच येणारी आणि काही तासांनी येणारी अशा दोन्ही प्रतिक्रिया मंदावतात, हे १९९३ मध्ये दाखवलं गेलंय. ॲस्पिरिनने उठणाऱ्या दम्याचं कोडंही इथेच सुटतं. ॲस्पिरिनने कॉक्स-१ (प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एंझाइम) बंद झालं की ई२ चा लगाम सुटतो आणि ल्यूकोट्राइन (श्वासनलिका आवळणारी द्रव्यं) उधळतात.

एफ२-अल्फा आणि डी२ यांचं आकुंचन मुख्यतः थ्रॉम्बॉक्सेन या त्यांच्याच नात्यातल्या द्रव्याच्या टीपी रिसेप्टरमधून होतं. डी२ दोघांत जास्त जोरकस. १९७३ च्या एका अभ्यासात दमेकरी निरोगी माणसापेक्षा एफ२-अल्फाला सुमारे ८००० पट संवेदनशील निघाले. हा आकडा स्लाइडवर टाकायचा मोह होईल, पण पुढच्या अभ्यासांत फरक बराच कमी मिळाला. 'कितीतरी पट' एवढंच लिहा.

पीएफटी_टेबल
ही द्रव्यं हुंगवून श्वासनलिका किती आवळते ते बघायच्या चाचणीची स्लाइड करणार असाल तर क्रम असा: मूळ एफईव्ही१ (जोरात फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा), मग नुसतं सलाइन, मग अगदी कमी तीव्रतेपासून दर पायरीला दुप्पट. एफईव्ही१ २० टक्के घसरला की थांबायचं. साल्ब्युटामॉल (श्वासनलिका सैल करणारं औषध) आणि ऑक्सिजन हाताशी. ई२ च्या वेळी फसगत ठरलेली. पहिल्याच सेकंदात ठसका लागला तर फुंकर तुटते आणि आकुंचन नसतानाही आकडा पडलेला दिसतो. तो आलेख बाद करायचा.

ओटी_नंबर_तीन
सेमिनारमध्ये एक गोष्ट नक्की घ्या, कारण परीक्षकापेक्षा लेबर रूमला ती जास्त लागते. कार्बोप्रोस्ट म्हणजे एफ२-अल्फाचाच मिथाइल भाऊ. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात २५० मायक्रोग्रॅम स्नायूत देतात. इंजेक्शन असलं तरी श्वासनलिका आवळतेच. दमा असेल तर ते टाळायचं. फ्रिजमधून ॲम्प्यूल काढतानाच 'दमा आहे का?' हा प्रश्न हवा. रक्त वाहायला लागल्यावर केसपेपर कुणी चाळत नाही.

फार्म_दुसरे_वर्ष
मग त्याच रक्तस्रावासाठी देतात ते मिसोप्रॉस्टॉलही नको ना?

ओटी_नंबर_तीन
नाही, इथेच गल्लत होते. ते ई१ चं भावंड आहे, दम्यात चालतं. ऑक्सिटोसिन आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडही चालतात. घाई-गडबडीत कार्बोप्रोस्ट गेलंच आणि घरघर सुरू झाली, तर साल्ब्युटामॉल नेब्युलायझर, ऑक्सिजन आणि पुढचा डोस बंद.

गुळवेल
जाता जाता: फुप्फुसाच्या रक्तदाबासाठी श्वासातून दिलं जाणारं आयलोप्रॉस्ट प्रोस्टासायक्लिन या आणखी एका प्रोस्टाग्लँडिनच्या कुळातलं. ते रक्तवाहिन्या सैल करतं, पण दमेकऱ्यात श्वासनलिका आवळू शकते. 'हुंगायचं आहे म्हणजे दम्यालाही बरं' असं गृहीत धरू नका. आणि स्लाइडवर नुसतं 'प्रोस्टाग्लँडिन' लिहू नका, दर वेळी ई२, डी२, एफ२-अल्फा असं नाव घाला. निम्मे प्रश्न तिथेच मिटतील.