जि.प. शाळेतल्या रोजच्या आरतीबद्दल अर्ज कुणाकडे करावा?

परभणी जिल्ह्यातलं खेडं, जिल्हा परिषदेची शाळा, लेकरू चौथीत. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा झाली की रोज आरती होते. हात जोडले नाहीत तर वेगळं उभं करतात. मी नास्तिक, बायको माळकरी. घरातल्या आरतीला माझी ना नाही, हे आधीच सांगतो. मुख्याध्यापक म्हणाले, "पहिल्यापासून चालू आहे." शाळा व्यवस्थापन समितीत विषय हसण्यावारी गेला. दुसरी शाळा तालुक्याला, त्यामुळं शाळा बदला म्हणू नका. कोर्टकचेरीही नको.

संविधानाच्या कलम २८(१) नुसार पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. त्यात आरती धरतात का? की २८(३) मधल्या पालकांच्या संमतीचा आधार घ्यावा? अन् अर्ज केंद्रप्रमुखांकडे द्यावा की थेट गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, लेकरावर रोख न येता?